पानाची मागची बाजू

सोमवारी सकाळी फोन जास्त येतात. शनिवार-रविवारी लोकांना घरच्या झाडांकडे बघायला सवड मिळते, मग सोमवारी ऑफिसला निघता निघता कुणीतरी सांगतं, "दादा, ते पांढरं परत आलंय." पांढरं म्हणजे नक्की काय, हे फोनवर कळत नाही. पिठ्या ढेकूण पांढरा, पांढरी माशी पांढरी, भुरी पांढरी आणि टँकरच्या पाण्यातले क्षार पानावर वाळले की तेही पांढरेच दिसतात. एकदा ते पांढरं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या रंगकामाचे शिंतोडे निघाले. म्हणून मी आधी फोटो मागवतो. फोटो येतो तो नेहमी पानाच्या वरच्या बाजूचा.

मी पुण्यात लोकांच्या बाल्कन्यांतली झाडं सांभाळतो. स्कूटरला अडकवलेल्या पिशवीत दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुने टूथब्रश, कात्री, कापूस, स्पिरिटची बाटली, हातपंप आणि कोरे पांढरे कागद असतात. जन्म यवतमाळ जिल्ह्यातला, घरी कपाशी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही नावं आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. वडील शेतातून हिंडताना एकच सांगायचे, "पान पलटवून पाह्य." पुढे कृषी पदविका केली तेव्हा या पाहण्याला 'सर्वेक्षण' असं भारदस्त नाव मिळालं, एवढाच फरक. पुण्यात आलो तेव्हा वाटलं, ही मंडळी गावाकडे राहिली. दहाव्या मजल्यावर लिफ्टने गेलो आणि जास्वंदीच्या शेंड्याला तीच भेटली.

"इतक्या उंचावर कीड येते तरी कुठून?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा शेजाऱ्याचं नाव असतं. शेजारी क्वचितच दोषी असतो. पिठ्या ढेकणाची नुकती जन्मलेली पिल्लं धुळीच्या कणाएवढी असतात, ती वाऱ्यावर येतात. लाल कोळी स्वतःच काढलेल्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर जातो. माव्याला गर्दी झाली की पंख फुटतात. पण सगळ्यात जास्त कीड येते ती लिफ्टने, नव्या कुंडीत बसून. जानेवारीत फुलांची प्रदर्शनं होतात, लोक हौसेने गुलाब, पिटुनिया, शेवंती घरी आणतात आणि थेट जुन्या कुंड्यांच्या रांगेत नेऊन ठेवतात. नवं झाड दोन आठवडे वेगळं ठेवा, बाथरूमच्या खिडकीत का असेना, असं मी सांगतो. ऐकतात फार थोडे, कारण फुललेलं झाड बाथरूमच्या खिडकीत ठेवायला कुणी आणलेलं नसतं.

कीड येणं आणि कीड राहणं मात्र वेगळं. शेतातही ती येते. तिथे पावसाची एक जोरदार सर आली की कपाशीवरचा अर्धा मावा आणि कोळी धुऊन निघतो. कीड खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा असतात, पाखरं असतात. बाल्कनीला वर स्लॅब असतो. मृगापासून हस्तापर्यंत पुण्यात पाऊस पडला तरी भिंतीकडच्या कुंडीच्या पानाला थेंब लागत नाही. त्यात आता घरोघरी कबुतरांसाठी जाळी लावलेली असते. कबुतरांचा त्रास खराच आहे, जाळी काढा असं मी कुणाला सांगत नाही. पण त्या जाळीने शिंपी, चष्मेवाला, शिंजीर हेही बाहेर राहतात, आणि पिल्लं वाढवण्याच्या दिवसांत हे पक्षी अळ्या-किड्यांवरच असतात. पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिलात भिंत रात्री दहापर्यंत तापलेली. शिवाय झाडांवर माया करणारी माणसं असतात, ती दर पंधरवड्याला मूठभर खत टाकतात. नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात, त्यांच्या रसात किडीला हवं ते आयतं मिळतं. हे सगळं जुळून आलं की बाल्कनी किडीला शेतापेक्षा सुखाची जागा होते. तिथे पाऊस नाही आणि पाखरू नाही, तेव्हा त्या दोघांचं काम कुणीतरी करायला हवं. माझा धंदा त्या कामावर उभा आहे.

पावसाचं काम त्यातल्या त्यात सोपं. बोटाने नळीचं तोंड अर्धं दाबायचं, झाड दुसऱ्या हाताने आडवं धरायचं आणि धार खालून वर, पानाच्या पाठीवर मारायची. मावा असा निघतो की बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्याची सोंड रसात रुतलेली असते, धारेने ओढला गेला की ती मोडते, आणि खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. सकाळी लवकर करायचं, म्हणजे पानं दिवसभरात वाळतात. संध्याकाळी भिजवलेल्या गुलाबावर काळे ठिपके येतात, तो वेगळाच ताप. तीन दिवसांनी परत, मग आणखी तीन दिवसांनी. मार्च ते मे या काळात लाल कोळ्यासाठी हेच करावं लागतं. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठवड्याभरात पुरी होते, त्यामुळे पंधरा दिवस गावाला गेलेल्या माणसाला परत आल्यावर मोगरा तांबूस आणि जाळ्यांनी भरलेला दिसतो. पांढरा कागद याच्यासाठी असतो. पानाखाली धरायचा, पानाला टिचकी मारायची, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले की कोळी. बोटाने पुसले तर तांबडी रेघ उठते. घरच्या बाईंना एकदा हे दाखवलं की पुढच्या वेळी मला बोलावण्याआधी त्या स्वतः कागद धरतात. धंद्याच्या दृष्टीने हे काही शहाणपणाचं नाही.

या पाण्याला बाल्कनीत एकच अडचण आहे, खालचा मजला. कोथरूडच्या एका सोसायटीत मी सहाव्या मजल्यावर झाडं धूत होतो आणि पाचव्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. चादरी वाळत होत्या. नुसतं पाणी असेल तर भांडण पाच मिनिटांत मिटतं, निंबोळी तेलाचं पाणी असेल तर चादरीसकट वर येतात. तेव्हापासून त्या इमारतीत मी आधी पाचव्या मजल्याची बेल वाजवतो. काकू चहा देतात आणि त्यांच्या कढीपत्त्याबद्दल फुकट सल्ला घेतात.

पिठ्या ढेकणाला पाणी पुरत नाही, कारण त्याच्या अंगावरचं पीठ म्हणजे मेण, त्यावरून पाणी ओघळून जातं. बाल्कनीतली माझी सर्वाधिक वेळ खाणारी कीड हीच, आणि तिचं माहेर जास्वंद. शेंडा आखडतो, पानं चुरगळून एकमेकांत गुंततात, कळ्या गळतात. शेंडा असा आखडला की बहुतेक वेळा गुलाबी पिठ्या ढेकूण असतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारा तो हाच. मादी कापसासारखी पिशवी विणते आणि तीत शेकड्यांनी अंडी घालते. पिशवीत औषध शिरत नाही, देशी नाही आणि विलायती नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या अंगावर मेण नसतं, त्या दोन-चार दिवसांत ती मऊ असतात. म्हणून एकदा जोरात काहीतरी मारून उपयोग नाही. दर सात-आठ दिवसांनी, महिनाभर, नव्या पिल्लांना गाठावं लागतं. मी आखडलेले शेंडे सरळ कापतो आणि पिशवीत बांधून नेतो. कापलेलं तिथेच बादलीत टाकलं तर पिल्लं बादलीच्या काठावरून परत चालू लागतात. उरलेल्या फांदीवर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवायचा, बेचक्यांत टूथब्रश घालायचा, मग साबणाचं पाणी.

त्या साबणाचंही सांगतो. कपड्यांची पावडर नको, तिने पानं करपतात. साधा तेलाचा, फारसा सुगंध नसलेला साबण किंवा रिठ्याचं पाणी चालतं. साबण मऊ अंगाच्या किडीवरचा मेणाचा थर फोडतो, तोही ओला असेपर्यंतच. एकदा वाळला की त्याचा प्रभाव संपतो. खडकवासल्याचं पाणी आहे तिथे हे उत्तम चालतं. पुण्याच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी असतं, त्यात साबण फुटतो, फेस येत नाही आणि पानावर नुसता पांढरा साका राहतो. अशा घरी मी पिण्याच्या पाण्याच्या मशीनचं एक तांब्याभर पाणी मागून घेतो. लोकांना ते विचित्र वाटतं, झाडाला फिल्टरचं पाणी! पण जड पाण्यातला साबण म्हणजे नुसता सोपस्कार.

मुंग्या हे या प्रकरणातलं दुसरं अंग. पिठ्या ढेकूण आणि मावा जितका रस पितात तितका पचवत नाहीत, गोड चिकट पाणी बाहेर टाकतात. ते चाटायला मुंग्या येतात, त्या बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात आणि ढेकणाच्या पिल्लांना उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. पानावर काजळी दिसली तर ती याच गोड पाण्यावर वाढलेली बुरशी. मुंग्यांची वाट तोडली की निम्मं काम होतं. वाट शोधायला मात्र चिकाटी लागते. कुंडीच्या काठाला मी ग्रीसचा पट्टा ओढतो, आणि मुंग्या आपल्या ग्रिलला टेकलेल्या एका फांदीवरून खुशाल ये-जा करत असतात. ती एक फांदी छाटली की थांबतात. पूर्वी लोक कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायचे, मुंग्यांसाठी खंदक म्हणून. हल्ली पावसाळ्यात महापालिकेची माणसं डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधत ताटल्या तपासतात आणि सापडल्या तर नोटीस देतात. त्यांचं बरोबर आहे. खंदक बाद.

पक्ष्यांचं काम मला करता येत नाही, पण जाळीतून आत येऊ शकणारे छोटे शिकारी आहेत, त्यांना वाचवता येतं. इथे भिंगाचा खरा उपयोग. क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा आहे, चारेक मिलिमीटरचा, अंगाने काळपट, डोक्याकडे नारिंगी. 1898 मध्ये तो ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला, दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांत खवलेकीड माजली होती म्हणून. तिथे त्याने काय दिवे लावले ते असो, पिठ्या ढेकणावर मात्र तो तुटून पडतो, आणि आज आपल्या द्राक्षबागांत तो मुद्दाम सोडतात. गंमत अशी की त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, तीच पांढरी मेणाची झालर. ढेकणाच्या वस्तीत मुंग्यांच्या देखत शिरायचं तर असं रूप लागतंच. अळी ढेकणापेक्षा मोठी असते, झालरीचे झुपके लांब असतात आणि ती भरभर चालते. ढेकूण बसला की बसला. हे ओळखता न आल्याने किती घरांत लोकांनी आपल्याच बाजूचे शिपाई टूथब्रशने चिरडलेत! बाणेरच्या एका घरी बाईंनी मोठ्या अभिमानाने मला बाटलीत भरलेले 'राक्षसी ढेकूण' दाखवले. मी ती बाटली मागून घेतली आणि त्याच दुपारी दुसऱ्या घरच्या जास्वंदीवर रिकामी केली.

याहून लहान शिकारी म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी माश्या, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातल्या. पपईवरचा पिठ्या ढेकूण आपल्याकडे 2008 मध्ये आढळला, कोइमतूरकडून पसरत गेला, आणि पपई, तुती, जास्वंद असं जे दिसेल त्यावर बसला. औषधांनी आवरेना. 2010 मध्ये बेंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेने प्वेर्तो रिकोहून अशाच इवल्या माशा आणवल्या, त्या ढेकणाच्या पोटात अंडी घालतात आणि त्यांची अळी त्याला आतून खाते. दोन-तीन वर्षांत तो ढेकूण ओसरला. आता जास्वंदीवर कधी फुगलेला, तपकिरी, कडक झालेला ढेकूण दिसतो, त्याला भोक पडलेलं असतं. ते भोक दिसलं की मी त्या फांदीला हात लावत नाही. स्पिरिट नाही, साबण नाही, कात्री नाही. घरच्यांना सांगतो, पंधरा दिवस थांबा. हे थांबणं त्यांना सगळ्यात अवघड जातं.

पिवळे चिकट सापळे मी जपून वापरतो. पांढऱ्या माशीसाठी चांगले, पण त्यांना शत्रू-मित्र कळत नाही, आणि बाल्कनीत पाली असतात. पाल चिकटली की सोडवताना तिची आणि आपली, दोघांची अवस्था बघवत नाही. किती माशा आहेत हे कळण्यापुरता एक तुकडा, आठवडाभर, झाडाच्या शेंड्याजवळ. मग काढून टाकायचा.

निंबोळीबद्दल लोक दोन टोकांना असतात. काहींना वाटतं तिने सगळं मरतं, काहींना वाटतं थोतांड आहे. दोघेही ती लगेच किडे मारेल या अपेक्षेने बघतात. निंबोळीच्या मगजातलं द्रव्य किडीची भूक मारतं आणि तिला कात टाकू देत नाही. म्हणजे फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडे जागच्या जागी दिसतात, फक्त खात नाहीत, वाढत नाहीत. 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत एस. प्रधान यांनी निंबोळीच्या मगजाचं पाणी पिकांवर फवारून बघितलं होतं, त्या पिकांवर टोळ बसले पण त्यांनी पानं खाल्ली नाहीत. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालताना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण अंदाज तोच होता.

आई अजूनही मृग लागायच्या सुमारास निंबोळ्या गोळा करते, गर धुऊन काढते आणि बिया सावलीत वाळवून एसटीने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. शेतासाठीचा पाच टक्के अर्क घरगुती मापात म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम बियांचा भरडा. रात्रभर फडक्यात बांधून भिजवायचा, सकाळी पिळायचा, चिमूटभर साबण घालायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरायचा. संध्याकाळी, कारण उन्हाने त्यातलं औषध मरतं. बाटलीत भरून महिनाभर ठेवलेला अर्क म्हणजे कडू पाणी. बियाही वर्षाच्या आत संपवाव्यात. दुकानातलं तेल चालतं, लिटरला पाच मिली, पण ते पाण्यात आपोआप मिसळत नाही. आधी साबणाच्या पाण्यात घोटून दुधट करून घ्यायचं. आणि भर उन्हाळ्यात दुपारी तेल मारलेलं पान भाजतं, हे ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्यांनी तरीही दुपारीच मारलं, कारण दुपारीच त्यांना वेळ असतो.

दशपर्णी अर्काचा आग्रह धरणारेही भेटतात. मी गावी तो केलाय, निरगुडी, रुई, करंज, सीताफळ, घाणेरी वगैरे दहा पाले, शेण, गोमूत्र, पिंपात महिनाभर. शेतात उत्तम गोष्ट आहे. बंद फ्लॅटच्या बाल्कनीत पिंप ठेवलंत तर चौथ्या दिवशी सोसायटीची सभा बसते. शिवाय त्यात कण्हेर घालतात, धोतरा घालतात, आणि घरात रांगतं मूल असतं. सेंद्रिय आहे म्हणून निर्विष असतं असं नाही. हिंगाचं पाणी, दालचिनी, कॉफीचा चोथा, आंबट ताक यांबद्दलही मला विचारतात. ताक भुरीवर थोडंफार चालतं. बाकीच्यांनी झाडाचं काही बिघडत नाही, किडीचंही.

शेतात कीड मोजतात. कपाशीच्या पानामागे दोन-तीन तुडतुडे किंवा दहा फुलकिडे दिसले की फवारणीचा विचार करा, त्याखाली हात लावू नका, असं आम्हाला शिकवलं. आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात तिला. बाल्कनीत आर्थिक नुकसान नसतंच, तीस रुपयांची कुंडी आणि पन्नास रुपयांचं रोप. तिथे पातळी असते ती घरच्या माणसाच्या मनाची. कुणाला एका पानावर दोन मावे दिसले की झोप लागत नाही, कुणाचा गुलाब कोळ्यांनी भरला तरी "फुलं देतोय की" म्हणतात. मला कीड आणि ही मनं, दोन्ही हाताळावी लागतात, आणि दुसऱ्याला भिंग लागत नाही.

सहकारनगरच्या एका आजींचा कढीपत्ता आठवड्यात निष्पर्ण झाला होता. उरल्यासुरल्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या, काही हिरव्या आणि जाड झालेल्या. हिरवीला बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग काढते आणि उग्र वास सोडते. लिंबावरच्या फुलपाखरांचं कुटुंब. आजी म्हणाल्या, "काढून टाक बाबा, फोडणीला पान नाही." नात म्हणाली, काढायच्या नाहीत, तिला त्यांची फुलपाखरं होताना बघायचंय. अळ्या चिमट्याने उचलून नेण्याइतका सोपा इलाज दुसऱ्या कुठल्याच किडीला नाही, आणि त्या दिवशी तोच अवघड झाला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बागेत लिंबाचं मोठं झाड होतं, तिथे चार अळ्या नेऊन ठेवल्या आणि दोन कुंडीत राहिल्या. कढीपत्ता महिन्याभरात नव्याने फुटला, तो तसा चिवट असतो. आजी मात्र प्रत्येक वेळी फोडणी देताना नातीला ऐकवतात असं कळलं.

मिरचीवर फुलकिडे आले की पानं वरच्या बाजूला वळतात, कोळी असेल तर खाली. बोकड्या पडला, एवढंच घरचे सांगतात, तेवढ्यावरून मला कळत नाही, म्हणून भिंग. आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणलेला असेल तर काही उपाय नाही, रोप मुळासकट उपटून टाकायचं. तुळशीचं तर विचारू नका. तिच्यावर जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण येतो, पानं वाळून आखडतात. मंजिऱ्या काढून, निम्मी छाटून, पाण्याने धुतली की ती सुधारते. पण एकादशीला कात्री लावायची नाही, द्वादशीला नाही, रविवारी नाही, आणि तुळशीचं लग्न जवळ आलं असेल तर मुळीच नाही. अशा घरी मी पंचांग बघून जातो. त्या अटी मला आवडतात, कारण त्या घरात तुळशीवर कुणी बाजारचं औषध मारायलाही धजावत नाही. पावसाळ्यातल्या गोगलगायींना मात्र मुहूर्त लागत नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री कुंड्यांमध्ये टाकायचं, सकाळी त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्यात. मराठवाड्यात सोयाबीन वाचवायला शेतकरी जे करतात तेच.

"तुम्ही शेतीचं शिकलात, मग साधं औषध का मारत नाही?" असंही विचारतात. कपाशीवर मारतात ती औषधं पुण्यातल्या दुकानात लहान बाटलीत मिळतात, आणि लोक ती चहाच्या चमच्याने मोजतात, त्याच हाताने पुदिना खुडतात. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, फवारा अंगावर येत होता. आमच्या शेजारच्या गावात गेलेल्याच्या घरी मी बसून आलोय. बाल्कनी सहा बाय दहाची, वर छत, तिन्ही बाजूंनी भिंती, दारात पाळणा. तिथे पंप पाठीला लावायची मला इच्छा होत नाही, मग जास्वंद गेली तरी चालेल.

जास्वंद जातेही कधी. काही झाडं मी फेकायला सांगतो. अंधाऱ्या कोपऱ्यातला, दर उन्हाळ्यात कोळ्यांनी भरणारा गुलाब तिथे जगणारच नाही, त्याला दर महिन्याला वाचवत राहणं हे झाडावरही अन्याय आणि खिशावरही. त्या जागी मनीप्लांट ठेवा, असं सांगितलं की लोक दुखावतात. गुलाब सासूबाईंनी लावलेला असतो.

या धंद्यात पैशाचा प्रश्न वेगळाच आहे. औषधाचा उग्र वास आला की माणसाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मी जातो, पानं पलटतो, भिंगातून बघतो, चार शेंडे कापतो, पाणी मारतो, आणि कधी कधी "आज काही करायचं नाही" एवढंच सांगून निघतो. "नुसतं पाणीच मारायचं तर तुम्हाला कशाला बोलवायचं?" असं म्हणून एका गृहस्थांनी माझं काम बंद केलं आणि महिन्याला फवारणी करणाऱ्यांना बोलावलं. त्यांच्या बाल्कनीत पहिले दोन महिने झाडं चकाचक होती, मग पांढरी माशी आली ती हटेना, कारण तिला खाणारे सगळे आधीच मेले होते. त्यांनी मला परत बोलावलं असं काही झालं नाही. झाडं विकून टाकली आणि तिथे वॉशिंग मशीन बसवलं, वॉचमनने सांगितलं.

तेव्हापासून मी बिल छापून घेतलंय. पहिली ओळ 'पाहणी', त्यापुढे सगळ्यात मोठी रक्कम. पाणी, साबण, निंबोळी अर्क यांच्यासमोर किरकोळ आकडे. गिऱ्हाईक पहिल्या ओळीवर बोट ठेवून घासाघीस करतं, मी साबणाचे पैसे सोडून देतो, पाहणीचे सोडत नाही.